कार्बन तंतूंचे सिरॅमिक ट्रे : भट्टीतील काही महिन्यांच्या वापरानंतर

यंत्रभागांवर उष्णता प्रक्रिया करणाऱ्या भट्टीत निकेल मिश्रधातूच्या जाड ट्रेऐवजी कार्बन तंतू आणि सिलिकॉन कार्बाइड हे सिरॅमिक एकत्र करून बनवलेल्या कॉम्पोझिटचे ट्रे वापरायला घेतल्याला आता बरेच महिने झाले आहेत. वजनाबाबत तक्रारीला जागा नाही. या पदार्थाची घनता दर घन सेंटिमीटरला 2 ग्रॅमच्या आसपास आहे, तर निकेल मिश्रधातूंची 8 ग्रॅमच्या. हे ट्रे वाकत नाहीत, तापलेल्या भट्टीत थेट सरकवले तरी फुटत नाहीत. अडचण आहे ती हवेची.

माहितीपत्रकात कमाल तापमानाचा आकडा ठळक छापलेला असतो आणि तो वाचून असा समज होतो, की त्या आकड्याच्या जितके खाली राहावे तितका ट्रे सुरक्षित. हवेत काम करताना हा समज खरा ठरत नाही. कार्बन 400 ते 500 अंश सेल्सिअसपासूनच हवेत जळू लागतो. त्याला हवेपासून वाचवण्याची जबाबदारी भोवतालच्या सिलिकॉन कार्बाइडच्या मॅट्रिक्सवर, म्हणजे तंतूंना धरून ठेवणाऱ्या पदार्थावर, आणि वरच्या लेपावर असते, पण त्या दोन्हींत सूक्ष्म तडे नव्याकोऱ्या ट्रेतही असतातच. कार्बन तंतू लांबीच्या दिशेने जवळजवळ प्रसरण पावत नाही, सिलिकॉन कार्बाइड मात्र पावते. त्यामुळे निर्मितीच्या वेळी हजार किंवा त्याहून अधिक अंशांवरून पदार्थ थंड होऊ लागला, की आकसू पाहणाऱ्या मॅट्रिक्सला तंतू अडवून धरतात आणि ती जागोजागी तडकते.

ट्रे पुन्हा निर्मितीच्या तापमानाजवळ गेला की हे तडे बरेचसे मिटतात, शिवाय सिलिकॉन कार्बाइडचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन तयार होणारी सिलिका मूळ पदार्थाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापत असल्याने उरलेल्या फटी बुजवते. साधारण 500 ते 900 अंशांच्या पट्ट्यात मात्र तडे उघडे असतात, कार्बन जळण्याइतका तापलेला असतो आणि सिलिका मदतीला येण्याइतक्या वेगाने तयार होत नाही. या पट्ट्याच्या खालच्या भागात जळण्याची क्रियाच मंद असल्याने ऑक्सिजन खोलवर पोहोचतो आणि आतले तंतू सर्वत्र थोडेथोडे बारीक होतात. वरच्या भागात तो तड्याच्या तोंडाशीच खर्ची पडतो आणि नुकसान पृष्ठभागालगत साचते. माझ्या मते पहिला प्रकार अधिक घातक आहे, कारण तो बाहेरून दिसत नाही.

आमच्याकडे झीज प्रथम दिसली ती पिनांच्या भोकांपाशी, जिथे घासून लेप उडाला होता. भिंगातून पाहिल्यावर तिथे सिलिकॉन कार्बाइडच्या पोकळ नळ्या उभ्या होत्या आणि त्यांतले तंतू एकतर नाहीसे झाले होते किंवा टोकाशी सुईसारखे निमुळते झाले होते. कामातून काढलेल्या ट्रेची एक पट्टी वाकवून पाहिली, तेव्हा ती फारशी ताकद न लावताच मोडली. तंतू आणि मॅट्रिक्स यांच्यामध्ये कार्बनचाच एक पातळ थर असतो. तोही जळून गेल्यावर भार एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही, आणि म्हणूनच थोड्याशा वजनघटीच्या मानाने ताकदीतली घट फार मोठी असते.

वजन करून झीज ओळखण्याची पद्धत उपयोगी आहे, पण तिच्यात एक फसगत आहे. 40 ग्रॅम सिलिकॉन कार्बाइडची पूर्ण सिलिका झाली तर ती 60 ग्रॅम भरते. म्हणजे उच्च तापमानावर काम केलेल्या ट्रेचे वजन स्थिर दिसले तरी आतला कार्बन शाबूत आहे असे म्हणता येत नाही. त्यामुळे वजनाच्या जोडीला आम्ही ट्रे मडक्यासारखा वाजवून पाहतो. आवाज बद्द येऊ लागला की तो हवेच्या भट्टीतून बाद.

आणखी एक गोष्ट पुरवठादाराने सांगायला हवी होती. यंत्रभाग धुण्याच्या अल्कधर्मी द्रवातले सोडियम आणि पोटॅशियम कार्बनच्या जळण्याला उत्प्रेरकाचे काम करतात. विमानांच्या कार्बन ब्रेकना धावपट्टीवरचा बर्फ वितळवणाऱ्या पोटॅशियमच्या क्षारांमुळे हाच त्रास होतो. आता सुटे भाग साध्या पाण्याने पुन्हा धुऊन, पूर्ण वाळवूनच ट्रेवर ठेवले जातात.

मॅट्रिक्समध्ये बोरॉनची संयुगे असलेला प्रकारही आम्ही घेतला आहे. बोरॉन ऑक्साइड 450 अंशांच्या सुमारास वितळून तड्यांत पसरते, म्हणजे नेमक्या धोक्याच्या पट्ट्यात ते कामी येते. मात्र दमट हवेत आणि हजार अंशांच्या वर ते उडून जाते, तेव्हा त्याचाही उपयोग मर्यादितच. नायट्रोजनच्या किंवा निर्वात भट्टीसाठी मी हे ट्रे निःशंकपणे सुचवेन, फक्त दार 400 अंशांच्या खाली आल्यावरच उघडावे. हवेच्या भट्टीत, विशेषतः जिथे काम रोज 600 ते 800 अंशांवर चालते, तिथे निकेल मिश्रधातूचा जड ट्रेच ठेवावा.