रायदुर्गचे दोन शेजारी: टी-हब आणि टी-वर्क्स, एका ग्राहकाच्या नजरेतून

पुण्यातील आमच्या तीन माणसांच्या कार्यशाळेत मातीचा ओलावा आणि तापमान मोजून ती माहिती शेतकऱ्याच्या मोबाईलवर पाठवणारे एक उपकरण तयार होते. अशा उत्पादनाला 'उदयोन्मुख तंत्रज्ञान' म्हणावे की नाही, याबद्दल आमच्यातच मतभेद आहेत. परंतु सेन्सर, रेडिओ, बॅटरी आणि चार महिने पावसात उघड्यावर राहणारी पेटी यांचा मेळ घालताना येणाऱ्या अडचणींबद्दल मुळीच मतभेद नाहीत. त्या अडचणींच्या निमित्ताने दोन वेळा हैदराबादला जाणे झाले आणि तेलंगण सरकारने तेथे उभारलेल्या टी-हब (नवउद्योगांचे संगोपन केंद्र) व टी-वर्क्स (यंत्रांवर नमुने घडवण्याची कार्यशाळा) या दोन संस्था जवळून पाहता आल्या. दोन्ही रायदुर्गच्या नॉलेज सिटी भागात एकमेकींच्या शेजारी आहेत आणि बहुतेक लेखांत त्यांचा उल्लेख एका दमात होतो. माझ्या मते ग्राहकाने त्यांचा विचार वेगवेगळा केला पाहिजे, कारण दोघींकडे मिळणारी वस्तू अगदीच निराळी आहे.

टी-हब ही थोरली. तेलंगण राज्य स्थापन होऊन जेमतेम दीड वर्ष झाले असताना, 5 नोव्हेंबर 2015 रोजी, गच्चीबावली येथील ट्रिपल आयटी या माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या आवारात सुमारे 70,000 चौरस फुटांच्या 'कॅटलिस्ट' या इमारतीत ती सुरू झाली आणि उद्घाटनाला रतन टाटा आले होते. सरकारने सोबतीला तीन शिक्षणसंस्था घेतल्या: ट्रिपल आयटी, इंडियन स्कूल ऑफ बिझनेस आणि नालसार हे विधी विद्यापीठ. यातील तिसरे नाव मला विशेष महत्त्वाचे वाटते. अभियंता आणि व्यवस्थापक यांची जोडी कुणालाही सुचते. वकिलाची आठवण मात्र आपल्याकडे नोटीस हातात पडल्यावर होते. पेटंट कुणाच्या नावावर असेल, भागीदार मध्येच बाहेर पडला तर काय, ग्राहकाची माहिती किती दिवस जवळ ठेवता येईल, हे प्रश्न नव्या तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या कंपनीला पहिल्याच वर्षी गाठतात.

जून 2022 मध्ये टी-हब सध्याच्या इमारतीत आले. सुमारे 5.8 लाख चौरस फुटांची ही वास्तू भव्य आहे, आणि तिची भव्यता पाहणाऱ्याला दिपवण्यासाठीच आहे, हेही लपून राहत नाही. येथे बसायला जागा मिळते, निवडक कंपन्यांसाठी ठरावीक मुदतीचे कार्यक्रम चालतात, गुंतवणूकदारांशी गाठ घालून दिली जाते आणि मोठ्या कंपन्यांना त्यांच्या गरजेचे नवउद्योग शोधून दिले जातात. सॉफ्टवेअर करणाऱ्या, आणि विशेषतः ज्याचा ग्राहक बँक, रुग्णालय किंवा औषध कंपनी आहे, अशा उद्योजकाला ही शेवटची सेवा खरोखर मोलाची आहे. एरवी ज्या अधिकाऱ्याच्या स्वीय सहायकापलीकडे फोन जात नाही, त्याच्यासमोर अर्धा तास बसायला मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. आमच्यासारख्यांना मात्र तेथून फारसे काही घेण्यासारखे सापडले नाही. तो दोष टी-हबचा नाही, आमच्या गरजेचा आहे.

येथे थोडे स्वतःविषयी सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका वेगळ्याच शहरातील एका उद्योग-संगोपन केंद्रात आठ महिने काढले. तेथे काचेच्या भिंती होत्या, रंगीत बैठका होत्या, दर शुक्रवारी कुणीतरी यशस्वी माणूस येऊन स्वतःच्या अपयशाची गोष्ट सांगत असे. पण साधा ऑसिलोस्कोप (विजेचे संकेत पडद्यावर दाखवणारे उपकरण) मागितला तेव्हा 'मागणी पुढे पाठवली आहे' असे उत्तर आले आणि आम्ही बाहेर पडेपर्यंत ती मागणी पुढेच जात राहिली. तेव्हापासून कुठलेही शहर नवउद्योगांसाठी किती चौरस फूट बांधले हे सांगू लागले, की मी मनातल्या मनात खुर्च्या वजा करतो आणि यंत्रे किती उरतात ते पाहतो.

या हिशेबात टी-वर्क्स फार पुढे आहे. 2 मार्च 2023 रोजी फॉक्सकॉनचे अध्यक्ष यंग लिऊ यांच्या हस्ते या केंद्राच्या 78,000 चौरस फुटांच्या वास्तूचे उद्घाटन झाले. संस्थेचे काम त्याआधीच सुरू झालेले होते. 2020 च्या साथीत हैदराबादेतील काही कंपन्यांना एकत्र आणून व्हेंटिलेटर तयार करण्याचा प्रयत्न तिनेच केला होता. लेझर कटर, संगणकाच्या आज्ञेने चालणारी सीएनसी यंत्रे, त्रिमितीय मुद्रक, सुतारकाम व धातुकामाचे विभाग, इलेक्ट्रॉनिक्सची बाके, इतकेच काय सिरॅमिकच्या कामाची सोयही येथे एका छताखाली आहे. उद्योगात वापरली जातात त्या दर्जाची ही यंत्रे आहेत, हौशी कार्यशाळेतील खेळणी नव्हेत, आणि ती वापरापुरते पैसे देऊन वापरता येतात. सरकारी पैशातून घेतलेले यंत्र बाहेरच्या माणसाला हात लावायला मिळणे, ही गोष्ट आपल्याकडे किती दुर्मीळ आहे हे अभियांत्रिकी महाविद्यालयातील कुलूपबंद प्रयोगशाळा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको.

आमची अडचण पेटीची होती. उपकरण शेतात लावले की दोनतीन आठवड्यांत आत पाणी दिसे, आणि आम्ही रबराची पट्टी अधिकाधिक जाड करत गेलो. पट्टीचा त्यात काही दोष नव्हता. दुपारच्या उन्हात पेटीतील हवा तापून प्रसरण पावते आणि थोडी बाहेर निसटते. संध्याकाळी सर आली की पेटी एकदम थंड होते, आत दाब कमी होतो, आणि पट्टीच्या कडेने पाणी आत ओढले जाते. पेटी जितकी घट्ट, तितका हा दाबातील फरक अधिक. उपाय असा, की पेटीला एक छोटे भोक ठेवून त्यावर हवा जाऊ देणारा पण पाण्याचा थेंब अडवणारा पडदा बसवायचा. हे कळणे सोपे होते; भोक कुठे ठेवायचे, पडद्यावर चिखल उडू नये म्हणून त्यापुढे कसा आडोसा करायचा आणि तो आडोसा साच्यातून सुटेल असा कसा घडवायचा, हे मात्र करून पाहिल्याशिवाय कळणारे नव्हते. टी-वर्क्समध्ये तीन दिवसांत आम्ही पाच पेट्या केल्या. सकाळी केलेली पेटी दुपारी पाण्यात बुडवायची, कुठे चुकले ते पाहायचे, रात्री चित्र बदलायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यंत्रावर चढवायचे, असा तो क्रम होता.

हेच काम पुण्यात झाले नसते का? भोसरीत याहून चांगले कारागीर आहेत, हे मी अभिमानाने सांगेन. परंतु भोसरीचा साचेवाला पाच नगांच्या कामासाठी यंत्र थांबवत नाही, आणि त्याने का थांबवावे? त्याच्याकडे मोटारींच्या सुट्या भागांचे हजारोंचे काम रांगेत असते. वितळलेले प्लास्टिक दाबाने भरून वस्तू घडवण्याचा, म्हणजे इंजेक्शन मोल्डिंगचा, साचा एकदा पोलादात कोरला की खर्च लाखांच्या घरात जातो, आणि त्यानंतर भोक दोन मिलिमीटर डावीकडे हवे होते असे लक्षात आले तर ते दुःख सांगायलाही कुणी उरत नाही. साचा कोरण्याआधीच्या चुका स्वस्तात करू देणारी जागा हीच टी-वर्क्सची खरी सेवा आहे, आणि खाजगी बाजार ती सेवा सहसा देत नाही म्हणूनच शहराने वा राज्याने ती द्यावी, असे मला वाटते.

त्रुटीही आहेत. हे केंद्र नमुन्यांसाठी उभारलेले आहे. नमुना पास झाल्यानंतर पहिले 500 नग कुठे करायचे, हा प्रश्न उद्योजकाच्या पदरात जसाच्या तसा परत येतो. ज्याला यंत्रांची मुळीच ओळख नाही त्याने येथे येण्यापूर्वी आरेखनाचे काम पक्के करून आणलेले बरे, नाहीतर भाड्याच्या वेळेत संगणकासमोर बसून माप दुरुस्त करण्यात दिवस जातो; आमचा पहिला दिवस असाच गेला आणि त्यात संस्थेचा काडीचाही दोष नव्हता. सुटा रोधक (रेझिस्टर) किंवा जोडणीचा तुकडा कमी पडला तर कोठीच्या गुजराती गल्लीतील इलेक्ट्रॉनिक्स बाजारापर्यंत जावे लागते. पुण्यातल्या आपल्या तपकीर गल्लीची तेव्हा हटकून आठवण येते, आणि वाहतुकीत जाणाऱ्या वेळेचीही.

एक गोष्ट मात्र या दोन्ही इमारतींच्या कौतुकात निसटून जाते. हैदराबादेत तंत्रज्ञान 2015 साली उगवले नाही. इलेक्ट्रॉनिक्समधील सरकारी कंपनी ईसीआयएल 1967 ची, क्षेपणास्त्रे बनवणारी भारत डायनॅमिक्स 1970 ची, विशेष धातू बनवणारी मिधानी 1973 ची. त्यांच्या जोडीला संरक्षण संशोधनाच्या क्षेपणास्त्रविषयक प्रयोगशाळा. या संस्थांना लागणारे अवघड भाग करून देता देता शहरात लहान यंत्रशाळांची एक पिढी तयार झाली. इस्रोतून बाहेर पडलेल्या दोन अभियंत्यांनी 2018 मध्ये हैदराबादेत स्कायरूट ही कंपनी काढली आणि 18 नोव्हेंबर 2022 रोजी तिचे विक्रम-एस हे रॉकेट श्रीहरिकोट्याहून उडाले, तेव्हा त्यामागे ही जुनी पुण्याईही होती. म्हणून दुसऱ्या शहराने टी-हबची इमारत जशीच्या तशी उचलून आणली, तरी तिच्यासोबत हैदराबादेतील बालानगर या औद्योगिक भागाच्या यंत्रशाळा येणार नाहीत. पुण्याकडे स्वतःची अशी पुण्याई आहे: 1966 पासून वाहनांची चाचणी घेणारी एआरएआय, भोसरी-चिंचवडचा पट्टा आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात 2007 पासून चालणारे व्हेंचर सेंटर. जैवतंत्रज्ञानात काम करणाऱ्या नवख्या कंपनीला प्रयोगशाळा आणि महागडी विश्लेषण-उपकरणे वापरू देण्याचे काम व्हेंचर सेंटर करत आले आहे, आणि त्या अर्थाने टी-वर्क्सचे ते थोरले, कमी बोलणारे भावंडच आहे. सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी पुण्यात तसे काही असते, तर मला रायदुर्गचे तिकीट काढावे लागले नसते.

यंत्राइतकीच महत्त्वाची दुसरी सेवा म्हणजे प्रयोगाला परवानगी. ड्रोन बनवणाऱ्याला जमिनीपेक्षा आकाश हवे असते. 11 सप्टेंबर 2021 रोजी तेलंगणच्या विकाराबाद जिल्ह्यात 'मेडिसिन फ्रॉम द स्काय' हा उपक्रम सुरू झाला आणि औषधे व लसी ड्रोनने नेऊन पाहण्यात आल्या. केंद्राचे नवे ड्रोन नियम त्याआधी जेमतेम पंधरा दिवस प्रसिद्ध झाले होते. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्याकडे पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप या गावी 300 लसी ड्रोनने पोहोचल्या, आणि जेथे रस्त्याने चाळीस मिनिटे लागतात तेथे साधारण नऊ मिनिटांत काम झाले. दोन्ही प्रयोगांत कंपनीला मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे अधिकृतपणे उडण्याची मुभा आणि वाट पाहणारे खरे आरोग्य केंद्र.

तिसऱ्या सेवेच्या, म्हणजे सरकारकडून मिळणाऱ्या पहिल्या कामाच्या, बाबतीत मात्र मी महाराष्ट्राच्या योजनेला अधिक गुण देईन. राज्याच्या 2018 च्या नवउद्योग धोरणानंतर सुरू झालेल्या महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताहात निवडक 24 कंपन्यांना बक्षिसाचा धनादेश नव्हे, तर सरकारी खात्यात आपले उत्पादन वापरून दाखवण्यासाठी कार्यादेश मिळतो; सुरुवातीच्या वर्षांत तो 15 लाख रुपयांपर्यंतचा होता. निविदेत मागील तीन वर्षांची उलाढाल आणि तशाच कामाचा अनुभव मागितला की नवी कंपनी दारातच थांबते. केंद्राच्या नियमांत मान्यताप्राप्त नवउद्योगांना बयाणा रकमेतून सूट आणि अनुभवाच्या अटीत सवलत आहे खरी, पण पहिला कार्यादेश हातात असला की त्या सवलतीची आठवण करून देण्याचीही गरज पडत नाही. योजनेची रचना उत्तम आहे. अशा कामांत खरी परीक्षा बिल निघण्याची असते. एका स्थानिक संस्थेच्या उद्यानात आम्ही प्रायोगिक तत्त्वावर बारा उपकरणे लावली होती, त्याचे पैसे नऊ महिन्यांनी मिळाले. लघुउद्योगांची देणी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावीत असा 2006 चा कायदा आहे, हे आम्हालाही ठाऊक होते आणि लेखा विभागालाही.

गुणच द्यायचे तर टी-वर्क्सला पाचपैकी साडेचार, आणि टी-हबला आमच्या कामापुरते तीन. सॉफ्टवेअरवाल्या मित्राने ते चार केले तर मी वाद घालणार नाही. जाणाऱ्यांसाठी दोन सूचना आहेत. रायदुर्ग हे मेट्रोच्या निळ्या मार्गाचे शेवटचे स्थानक आहे, त्यामुळे मुक्काम याच मार्गावर अमीरपेठेच्या आसपास केला तरी अडत नाही. पुण्याहून शताब्दीने जाण्यात दिवसाचा मोठा भाग मोडतो, तेव्हा कामाचे किमान तीन सलग दिवस धरावेत आणि ते शनिवार-रविवारला चिकटू देऊ नयेत.

सहाव्या पेटीचा साचा सध्या भोसरीत कोरला जात आहे. आडोशाचा उतार दीड अंशाने वाढवल्याशिवाय तो साच्यातून सुटणार नाही, असे तेथील कारागिराने चित्र पाहताक्षणी सांगितले, आणि ते आम्ही तीन दिवस इतकी यंत्रे हाताशी असूनही पाहिले नव्हते. पुढच्या फेरीला त्यालाच सोबत नेण्याचा विचार आहे. तिकिटाचा खर्च आमचा, सुट्टी त्याला मिळाली पाहिजे.