आम्लं, सीसीसी की साखर : पोलर घटकांसाठी कोणता कॉलम घ्यावा?

सांगलीत लॅब चालवायची म्हणजे द्राक्ष आणि बेदाणा आलाच, आणि या मालात जे तपासायचं ते बहुतेक पोलर, म्हणजे पाण्यात सहज मिसळणारं. एचपीएलसीवर (द्रव क्रोमॅटोग्राफीवर) घटक वेगळे करणारा नेहमीचा सी-१८ कॉलम, म्हणजे पाण्याशी न जमणारं भरण असलेली नळी, त्याला धरत नाही. दोन मिनिटांत सगळं बाहेर. मोबाइल फेजमध्ये, म्हणजे कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात, शंभर टक्के पाणी ठेवलं, तर पंप थांबताच सी-१८ च्या छिद्रांतून पाणी निघून जातं आणि पुढच्या रनला रिटेन्शन (घटक कॉलममध्ये थांबण्याचा वेळ) कोसळतं.

टार्टारिक, मॅलिक आम्लांसाठी एक्यू प्रकारचा सी-१८ घ्या. त्याच्या पृष्ठभागावर पोलर गट असल्याने तो निव्वळ पाण्यातही टिकतो. पीएच २.५ च्या आसपासचा फॉस्फेट बफर आणि २१० नॅनोमीटरवर यूव्ही (अतिनील प्रकाशाने घटक टिपणारा) डिटेक्टर, एवढ्यात काम भागतं.

सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट हे वेलीची वाढ रोखणारं संजीवक, मात्र एक्यूलाही दाद देत नाही. २०१० मध्ये युरोपात आपली द्राक्षं याच्याच अंशामुळे अडकली. तासगावच्या बागायतदाराला हे सांगावं लागत नाही. म्हणून या तपासणीत मला तडजोड नको वाटते. या रेणूवरचा धन भार कायमचा, पीएच कितीही बदला. आयन-पेअर, म्हणजे उलट भाराचं रसायन, घालून तो सी-१८ वर धरता येतो, पण त्याने मास स्पेक्ट्रोमीटरचा (रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्राचा) सिग्नल दबतो. इथे हिलिक प्रकारचा कॉलमच हवा. त्यात सिलिकावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि पोलर रेणू त्यात रेंगाळतात. ॲसिटोनायट्राइल भरपूर असल्याने सिग्नलही चांगला येतो.

हिलिकला वेळ मात्र द्यावा लागतो. १५० × ४.६ मिमी कॉलममध्ये जेमतेम दीड मिली द्रव मावतो. नमुन्यांआधी कॉलम स्थिरावण्यासाठी त्याच्या वीसपट मोबाइल फेज सोडायचा, तर मिनिटाला १ मिलीने अर्धा तास जातो. तो वाचवू नका, नाहीतर दिवसभर रिटेन्शन सरकत राहील. फॉस्फेट इथे नको, क्षार खाली बसतो. अमोनियम फॉर्मेट घ्या. नमुना पाण्यात असेल तर पीक पसरतो, म्हणून ॲसिटोनायट्राइलने पातळ करूनच इंजेक्ट करा.

बेदाण्यातल्या साखरेसाठी बरेच जण ॲमिनो कॉलम घेतात. पण त्याचे ॲमिनो गट ग्लुकोज-फ्रुक्टोजशीच अभिक्रिया करतात आणि कॉलम लवकर दमतो. बेदाण्यात निम्म्याहून जास्त साखरच असते, तेव्हा अमाइड गटाचा कॉलम बरा.

लॅबमध्ये फक्त यूव्ही डिटेक्टर असेल तर सीसीसीसाठी हिलिक घेऊ नका. तो रेणू यूव्हीला दिसतच नाही. आम्लांसाठी एक्यू घ्या आणि सीसीसीचे नमुने एलसी-एमएस (मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेली द्रव क्रोमॅटोग्राफी) असलेल्या लॅबकडे पाठवा.