रोजचं शब्दकोडं: गुहेत गर सापडला!

आमच्याकडे पेपर सकाळच्या एसटीने येतो, तो आला की मी आधी शेवटून दुसरं पान उघडतो, कारण तिथे कोडं असतं आणि बाबांच्या आधी हातात आलं नाही तर संपलंच. गेले दोन महिने रोज सोडवतोय, रोज एक थीम असते आणि खरं सांगतो, व्यसन लागलंय.

परवा थीम होती कोकण. आडवा शब्द, चार घरं, 'गुहेत फणसाचा गर, तालुक्याचं गाव'. दहा मिनिटं डोकं खाजवलं, आई चुलीपाशीच बसून म्हणाली गुहागर रे मेल्या! आणि 'राजाला आला पूर, पण गंगा येते तिच्या लहरीने' म्हणजे राजापूर, हे वाचून तर मी एकटाच हसत बसलो. रातांबाही होता, 'रात्रीचा आंबा नव्हे, साल वाळवली की आमसूल'. तीन घरं. मस्तच!

मराठी कोड्यात एका घरात अख्खं अक्षर, जोडाक्षर असलं तरी एकच घर, म्हणून रत्नागिरी चारच घरांत बसतं, ही मजा इंग्रजीवाल्यांना कुठली.

तक्रार एकच, काटछेदात कधी आडव्याला 'ली' लागते नि उभ्याला 'लि', तिथे ऱ्हस्व-दीर्घाची सरळ चोरी करतात. शिवाय पावसात एसटी चुकली की दोन दिवसांची कोडी एकदम येतात आणि उत्तरं आधीच दिसतात, मग बाबा ते पान घडी घालून उशीखाली ठेवतात.

पाचपैकी साडेचार.