वान्झेच्या काठावरील बंगला: एका स्मृतिस्थळाला दिलेली भेट

बर्लिनच्या नैर्ऋत्येला, वान्झे सरोवराकाठच्या ज्या बंगल्यात २० जानेवारी १९४२ रोजी नाझी राजवटीचे १५ वरिष्ठ अधिकारी जमले होते, तो १९९२ पासून स्मृतिस्थळ म्हणून सर्वांसाठी खुला आहे. प्रवेशाला शुल्क नाही आणि वान्झे स्थानकावरून ११४ क्रमांकाची बस थेट तिथे पोहोचवते.

ज्यूंच्या संहाराचा निर्णय याच बैठकीत झाला, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तोवर सोव्हिएत प्रदेशात लाखो ज्यूंना गोळ्या घालून मारण्यात आले होते आणि व्याप्त पोलंडमधील खेल्म्नो येथे डिसेंबर १९४१ पासूनच विषारी वायूचा वापर सुरू होता. बैठक बोलावणारा नाझी सुरक्षा यंत्रणेचा प्रमुख हायड्रिश याला हवे होते ते निरनिराळ्या खात्यांचे सहकार्य आणि ते त्याला सुमारे ९० मिनिटांत मिळाले. उपस्थितांपैकी ८ जण डॉक्टरेट मिळवलेले होते.

माझा सर्वाधिक वेळ गेला तो हायड्रिशच्या हाताखालील अधिकारी आइखमन याने तयार केलेल्या, बैठकीच्या १५ पानी इतिवृत्तापाशी. त्याच्या ३० प्रतींपैकी फक्त १६वी प्रत १९४७ मध्ये परराष्ट्र खात्याच्या दप्तरात सापडली. सहाव्या पानावर युरोपातील ज्यूंच्या देशवार आकड्यांचा तक्ता आहे. एकूण बेरीज १ कोटी १० लाखांच्या वर जाते आणि तीत अल्बानियातले २०० जणही मोजलेले आहेत. मारण्याचा उघड उल्लेख कुठेही नाही, ‘पूर्वेकडे स्थलांतर’ असा कारकुनी शब्दप्रयोग आहे. शेवटच्या पानावर, व्याप्त पोलंडच्या प्रशासनाचा प्रतिनिधी ब्यूलर याने आपली एकच विनंती नोंदवली आहे: आमच्या प्रदेशातला हा प्रश्न शक्य तितक्या लवकर सोडवावा. ही ओळ वाचताना माझा जीव गुदमरला, कारण त्याला कोणी हुकूम दिलेला नव्हता. त्याने आपण होऊन मागणी केली होती.

‘वरून आदेश होता’ ही सबब इथे लंगडी पडते, ती अशा बारीक तपशिलांमुळे. आइखमनने १९६१ मध्ये जेरुसलेमच्या न्यायालयात सांगितले की, एवढे बडे अधिकारी राजी झालेले पाहून येशूच्या मृत्युदंडाच्या वेळी हात धुऊन जबाबदारी झटकणाऱ्या पिलातासारखे आपण दोषमुक्त झाल्याचे त्याला वाटले. वान्झेच्या बैठकीच्याच वर्षी, १३ जुलै १९४२ रोजी, पोलंडमधल्या जोझेफुव गावी एका राखीव पोलीस तुकडीच्या प्रमुखाने, ज्यांना तिथल्या ज्यूंना गोळ्या घालण्याचे काम झेपणार नाही त्यांनी बाजूला व्हावे, असे आपल्या माणसांना सांगितले होते. सुमारे ५०० पैकी जेमतेम डझनभर पुढे आले आणि त्यांना शिक्षा झाली नाही. हा प्रसंग मला पूर्वीपासून ठाऊक होता. ब्यूलरची विनंती वाचल्यावर तो अधिकच बोचू लागला.

प्रदर्शन वाचून समजून घेण्याचे आहे, त्यामुळे धावत्या भेटीत त्यातले फारसे हाती लागत नाही. निदान तीन तास हाताशी ठेवावेत आणि इतिवृत्ताचे सहावे पान आणि शेवटचे पान, ही दोन्ही शांतपणे वाचून झाल्याखेरीज त्या दालनातून पुढे जाऊ नये.