बंदीनंतर गाडी लागत नाही: वायरमनला बोलवायचं की पंपवाल्याला?

१ जून ते ३१ जुलै. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला ६१ दिवस बंदी. होड्या शाकारल्या जातात, तशा भाऊच्या धक्क्यावरून आणि ससून डॉकवरून मासळी उचलणाऱ्या गाड्याही भर पावसात उभ्या राहतात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कुणी चावी फिरवतो आणि फोनाफोनी सुरू होते: गाडी लागत नाहीये.

पहिला सल्ला हमखास एकच मिळतो, बॅटरी गेली, नवी टाका. माझं म्हणणं उलट आहे. नवी बॅटरी सगळ्यात शेवटी. आधी दोष विजेकडचा की डिझेलकडचा ते ठरवा, म्हणजे वायरमनला (गाडीच्या विजेचा मिस्त्री) हाक मारायची की पंपवाल्याला (डिझेल पंप-नोझलचा मिस्त्री) हेही ठरतं.

चावी फिरवली आणि नुसतं ‘टक’ झालं, किंवा सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) रेटत रेटत फिरला, तर वायरमन. सेल्फ नेहमीच्या जोमात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर पंपवाला. या दुसऱ्या प्रकारात कुणाला तरी सायलेन्सरमागे उभं करा. धूर अजिबात नाही म्हणजे डिझेल नोझलपर्यंत, म्हणजे इंजिनात ते फवारणाऱ्या तोंडापर्यंत, पोहोचतच नाही. पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल जातंय पण जळत नाही: डिझेलच्या पाइपातली एअर, पाणी किंवा कमी पडणारं कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब). एक सेल्फ १०-१५ सेकंदांच्या वर मारू नका आणि मध्ये दोन मिनिटं थांबा. घाईत सेल्फ जाळला की एकाचे दोन खर्च होतात.

आधी विजेचं, कारण मासळीच्या गाडीत खरी मेख इथे असते. बर्फाचं खारट पाणी वर्षभर चासीवर ठिबकत असतं, त्यात समुद्राची हवा. आमच्या चौदा फुटी गाडीला एका वर्षी जुलैअखेर नुसतं टक-टक. एका दुकानदाराने बॅटरी न तपासता नवी दिली. चार दिवस गाडी लागली, पाचव्या पहाटे साडेतीनला, माल भरायच्या वेळी, परत टक. दुसऱ्या वायरमनने मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसच्या खुंटीला लावली, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला, आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. मीटरवर दोन व्होल्ट. तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसायला नको. त्याने इंजिनपासून चासीला जाणारी अर्थिंगची पट्टी खोलली, वरचं आवरण ब्लेडने चिरलं, तर आतल्या तारांची हिरवी भुकटी झालेली. बाहेरून ती पट्टी ठणठणीत दिसत होती. नवी पट्टी टाकली, बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासला, वरून ग्रीस. पैसे बॅटरीच्या मानाने किरकोळ. तेव्हापासून मी कुणालाही आधी अर्थिंग बघायला सांगतो.

अर्थिंग आणि टर्मिनल साफ असतील तर बॅटरीकडे या. रात्रभर उभ्या गाडीत १२ व्होल्टच्या बॅटरीवर १२.६ दिसलं तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. २४ व्होल्टच्या गाडीत दोन बॅटऱ्या असतात, प्रत्येक वेगळी मोजा. रिकामी म्हणजे मेलेली नव्हे, दोन महिन्यांत जीपीएस एकटासुद्धा ती पिऊन टाकतो. १०० अँपियर-अवरची असेल तर १० अँपियरने सावकाश चार्ज करा, मोकळ्या हवेत, कारण चार्जिंगला हायड्रोजन सुटतो. मग एक रात्र तशीच ठेवा. सकाळी १२.५ च्या आसपास टिकली आणि सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली नाही तर पैसे वाचले. टिकली नाही तरच नवी घ्या. २४ व्होल्टला घ्यायची तर जोडी, एक जुनी एक नवी नको.

आता डिझेल. पावसाळ्यात अर्धवट टाकी उभी ठेवली की आत दमट हवा राहते, तिचं पाणी होतं आणि डिझेलपेक्षा जड म्हणून तळाशी बसतं. फिल्टरखालचा ड्रेन सैल करून काचेच्या बाटलीत डिझेल घ्या आणि दहा मिनिटं हात लावू नका. तळाला थर दिसला तर सेल्फ मारणं तिथेच बंद. टाकी उतरवून साफ करायची, फिल्टर बदलायचा. ते पाणी नोझलपर्यंत गेलं तर बॅटरीच्या किमतीत भागणार नाही.

पाणी नसेल तर एअर. कुठल्या तरी वॉशरमधून हवा शिरते आणि उभ्या गाडीतलं डिझेल टाकीकडे परत उतरतं. हॅन्ड प्रायमर (डिझेल ओढायचा हातपंप) कडक होईपर्यंत दाबा, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल काढा. जुन्या पंपाच्या गाडीत मिस्त्री नोझलचे नटही सैल करतात. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच नळीतून प्रचंड दाबाचं डिझेल मिळतं त्या इंजिनात, हे कदापि करायचं नाही. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाचा नियम) डिझेल गाड्यांत रेलचं प्रेशर हजार बारच्या वर जातं, ती धार कातडीतून आत घुसते. एअर काढल्यावर गाडी दिवसभर चालली आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच, तर गळती अजून आहे. फिल्टरआधीच्या पाइपात पारदर्शक नळीचा तुकडा घालून बघा, बुडबुडे डोळ्यांना दिसतील.

इंजिन बंद करायला ओढायचा स्टॉपर असलेली जुनी गाडी असेल तर त्याची केबल अडकलेली नाही ना, ते सगळ्यात आधी बघा. थंडीत इंजिन तापवणाऱ्या हीटर प्लगवर मुंबईच्या हवेत मी खर्च करणार नाही. इनटेकमध्ये मारायच्या स्टार्टिंग स्प्रेपासून लांबच राहा, हीटर असलेल्या इंजिनात तो भडकतो. धक्का मारून एअर निघत नाही, आणि एअर ब्रेकच्या गाडीत प्रेशर नसताना ती ढकलणं म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ.

पुढच्या बंदीसाठी दोन पर्याय आहेत. एक, टाकी फुल्ल करून बॅटरीचं मायनस काढून ठेवायचं. बीएस-६ मध्ये चावी बंद केल्यावर काही मिनिटं थांबून काढा, डीईएफचा (धूर साफ करणारं युरियाचं पाणी) पंप आपली लाइन रिकामी करत असतो. दोन, पंधरा दिवसांनी गाडी अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवायची. जागेवर पाच मिनिटं चालू ठेवण्याला मी पर्याय मानत नाही, सेल्फने खाल्लेलंही तेवढ्यात भरून येत नाही. ड्रायव्हर गावाला जाणार असेल तर पहिलाच पर्याय बरा. आम्ही तोच करतो, आणि २५ जुलैला गाडी लावून बघतो, म्हणजे काही निघालंच तर पार्ट आणायला हातात चार-पाच दिवस राहतात.