गुलमर्ग: मार्चमधील बर्फाची पारख असलेली वाटाड्या सेवा

मार्चअखेरीस गुलमर्गच्या अफरवट पर्वताच्या उतारांवर स्की लावून चढण्यासाठी आम्ही एका स्थानिक वाटाड्याची दिवसभराची सेवा घेतली, आणि तिचे खरे मोल बर्फाच्या पारखीत आहे, हे पहिल्या तासातच जाणवले. रात्री आकाश निरभ्र असल्याने पृष्ठभाग गोठून इतका कडक झाला होता की काठीचे टोक जेमतेम रुतत होते. ऊन आधी लागणाऱ्या पूर्वेकडच्या उतारावर साडेनऊच्या सुमारास वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर जाड साखरेसारखा रवाळ झाला, तेव्हा उतरण्याची हीच वेळ असल्याचे त्याने सांगितले. सावलीतल्या उत्तरेकडच्या उतारावर मात्र त्याने पाऊलही टाकू दिले नाही, कारण फावड्याने खणलेल्या खड्ड्यात कडक कवचाखाली कोरडा, सुटा थर दिसत होता, आणि अशा थरावरून वरचे कवच घसरून हिमस्खलन होऊ शकते. अकरानंतर बूट घोट्याच्या वर रुतू लागले, बर्फाचे गोळे घरंगळू लागले, ही ओल्या हिमस्खलनाची पूर्वसूचना मानून त्याने आमच्या कुरकुरीकडे दुर्लक्ष करत आम्हाला परत फिरवले. तक्रार एकच: चढताना स्कीच्या तळाला चिकटवायच्या, भाड्याने मिळालेल्या पट्ट्यांचा गोंद जुना होता आणि त्या ओल्या होताच दोनदा सुटल्या.