ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वेळेपुरतं स्क्रीन रेकॉर्डिंग: ओबीएस की एफएफएमपेग?

रात्री दोनला सॉफ्टवेअरची चाचणी चालते, समोर कुणी बसलेलं नसतं, आणि स्क्रीनवर काय काय झालं ते सकाळी बघायचं असतं. विंडोजच्या टास्क शेड्युलरला (ठरलेल्या वेळी काम सुरू करणाऱ्या सोयीला) एक ओळ द्यायची आणि काम व्हायला हवं. ओबीएस हा खिडकीतून चालणारा स्क्रीन रेकॉर्डिंगचा प्रोग्राम, एफएफएमपेग हा नुसत्या कमांडवर चालणारा. त्या ओळीत यातलं काय लिहायचं, एवढंच ठरवायचं आहे.

ओबीएसची सुरुवात फार सोयीची. प्रोफाइल (सेटिंग), कलेक्शन (सीनचा संच), सीन (काय टिपायचं त्याची मांडणी) या पर्यायांपुढे आपण ठेवलेली नावं द्यायची आणि शेवटी स्टार्टरेकॉर्डिंग. सलग एक शब्द, आधी दोन डॅश. टास्कच्या ‘स्टार्ट इन’ रकान्यात ओबीएसच्या बिन फोल्डरमधल्या ६४बिट फोल्डरचा पत्ता घाला, तोही अवतरणचिन्हांशिवाय. तो नसेल तर लोकेलची (भाषेची) फाइल सापडत नाही अशी तक्रार करून ओबीएस उघडतच नाही.

अडतं ते थांबवताना. स्टॉपरेकॉर्डिंग असा पर्यायच नाही. टूल्स मेनूत आउटपुट टायमर आहे, पण त्यातली वेळ खिडकी उघडून भरावी लागते, कमांडमधून देता येत नाही. वेबसॉकेटनं (दुसऱ्या प्रोग्राममधून ओबीएसला हुकूम देण्याच्या सोयीनं) थांबवता येतं (आवृत्ती २८ पासून ते आतच आहे, पोर्ट ४४५५), पण मग आणखी एक स्क्रिप्ट सांभाळा. टास्ककिल या विंडोजच्या कमांडनं जबरदस्तीनं बंद केलं, तर साध्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका लिहायची राहते आणि फाइल उघडत नाही. एमकेव्ही या दुसऱ्या प्रकारची फाइल निदान वाचते. वर पुढच्या रात्री ओबीएस ‘मागच्या वेळी नीट बंद झालं नव्हतं, सेफ मोडमध्ये (जोडलेले प्लगइन वगळून) उघडू का?’ असं विचारून थांबतं. उत्तर द्यायला कुणी नसतं आणि ती रात्र वाया जाते.

एफएफएमपेगमध्ये हे सगळं ‘टी’ या एका पर्यायानं मिटतं. त्यापुढे ०१:३०:०० लिहिलं की दीड तासानं फाइल नीट बंद होते. आधी एफ जीडीआयग्रॅब (विंडोजची स्क्रीन टिपणारा भाग), फ्रेमरेट १५ (सेकंदाला १५ चित्रं), आय डेस्कटॉप (काय टिपायचं ते). मग टी, लिबएक्स२६४ (व्हिडिओ दाबून लहान करणारा एनकोडर), प्रीसेट व्हेरीफास्ट (त्याचा वेग), सीआरएफ २३ (चित्राचा दर्जा). फ्रेमरेट ‘आय’च्या आधीच हवा, कारण तो इनपुटचा पर्याय आहे. पिक्सेल फॉरमॅट (रंग साठवण्याची पद्धत) वाययूव्ही४२०पी स्वतः लिहा. नाहीतर एनकोडर वाययूव्ही४४४पी ही पद्धत धरतो आणि बऱ्याच प्लेअरवर ती फाइल चालत नाही. फाइलच्या नावात तारीख घाला आणि ‘वाय’ (जुन्या फाइलवर न विचारता लिहायला सांगणारा पर्याय) हाही द्या. त्याच नावाची फाइल आधीच असली तर एफएफएमपेगसुद्धा प्रश्न विचारून थांबतं.

संगणकाचा आवाजही हवा असेल, तर मात्र ओबीएसच घ्यावं. जीडीआयग्रॅब फक्त चित्र घेतं, आणि डीशो या एफएफएमपेगच्या दुसऱ्या भागातून आवाज घ्यायचा तर स्टिरिओ मिक्स (काही संगणकांत असलेला, वाजणारा आवाज टिपणारा इनपुट) किंवा आभासी ऑडिओ ड्रायव्हर लागतो. नुसत्या चित्रासाठी माझा कल एफएफएमपेगकडे आहे. अनुभव असा की एकदा जमलेली ओळ महिनोन् महिने हात न लावता चालते.

दोन्हींपैकी काहीही घ्या, टास्कमध्ये ‘वापरकर्ता लॉग-ऑन असतानाच चालवा’ हाच पर्याय ठेवा आणि स्क्रीन लॉक होऊ देऊ नका. लॉक झालेल्या स्क्रीनवर टिपायला डेस्कटॉपच नसतो.